माणसाला डिप्लोअर करता येत नाही

बाईंकडे मी गेले ती एका इंग्रजी शब्दाने माझी वाट लावली म्हणून.

पवईच्या रस्त्याला पंप बनवणारी एक कंपनी होती, तिथे मी टायपिस्ट होते. एक दिवस साहेब म्हणाले, "रोज मी सांगतो आणि तू टाइप करतेस. आज तूच लिही. माल उशिरा पाठवला म्हणून त्या पार्टीला कडक पत्र जाऊ दे." मी शब्दकोश उघडला. 'तीव्र नापसंती व्यक्त करणे' असा अर्थ दिलेला एक शब्द सापडला: डिप्लोअर. चांगला कडक वाटला. मी पत्राच्या शेवटी लिहिलं, 'वुई डिप्लोअर यू.' साहेबांनी न वाचता सही ठोकली. चार दिवसांनी त्या पार्टीचा फोन आला. तो ठेवल्यावर साहेबांनी ते वाक्य अख्ख्या ऑफिसात दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. शिपायालासुद्धा हसू आलं, आणि त्याला इंग्रजी येत नव्हतं.

डबा खाताना शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "नाहूरला एक बाई आहेत. मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतात. जरा विक्षिप्त आहेत गं, पण जा तू."

नाहूरला तेव्हा स्टेशन नव्हतं. मुलुंडच्या आमच्या चाळीतून मी रुळांच्या कडेकडेनं चालत जायचे. दुमजली जुनी इमारत, वरच्या मजल्यावर टोकाची दोन खोल्यांची जागा. पहिल्या दिवशी गेले तर दार उघडंच. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या, चारही वेगवेगळ्या, आणि आतल्या खोलीच्या दाराला जाड निळा पडदा. बाई पाठमोऱ्या उभ्या राहून भिंतीवरच्या फळ्यावर काहीतरी लिहीत होत्या. मी चपला काढल्या आणि कुणीही विचारेल तसं विचारलं, "बाई, मी कुठे बसू?"

खडू जागच्या जागी थांबला. बाई वळल्या नाहीत. तेवढ्यात पडद्यामागून, बारीक, हट्टानं लांबवलेल्या आवाजात कुणीतरी तेच विचारलं.

"मी कुठे बसूऽ?"

मला वाटलं आत कुणाची तरी मुलगी आहे, माझी नक्कल करते आहे. मी हसले. बाई वळल्या तेव्हा मात्र माझं हसू गेलं. चेहरा नुसता पांढरा पडला होता. पण आवाज शांत. म्हणाल्या, "माझ्या घरात हे विचारायचं नाही. दिसेल तिथे बसायचं. बस."

मी बसले. त्यांनी विचारलं, का आलीस. मी पत्राची हकीकत सांगितली. सगळे हसले होते, बाई हसल्या नाहीत. फळा पुसला आणि मधोमध तो एकच शब्द लिहिला.

"माणसाला डिप्लोअर करता येत नाही," त्या म्हणाल्या. "त्यानं केलं त्याला करता येतं. उशिराला कर, खोटेपणाला कर, घाणीला कर. माणूस त्या शब्दाचं कर्म होत नाही. भाषेनंच तशी सोय ठेवलेली नाही."

पुढचे पंधरा दिवस आम्ही तोच शब्द शिकलो.

बाई तेव्हा पंचावन्नच्या आतबाहेर असतील. उंच, काटकुळ्या, कायम फिक्या रंगाची कडक इस्त्रीची साडी. मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला वळवलेलं. वेळ बघताना हात उताणा करायच्या, जणू स्वतःची नाडी बघतायत. एका शाळेत वीस-बावीस वर्षं इंग्रजी शिकवून त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली होती. का सोडली ते कुणी विचारत नसे.

त्यांची शिकवण्याची तऱ्हाच वेगळी होती. नापसंतीच्या शब्दांची त्यांनी एक उतरंड लावली होती. एक शब्द म्हणजे नुसतं नाक मुरडणं. दुसरा म्हणजे हात वर करून हरकत घेणं. कंडेम म्हणजे जज्जानं शिक्का मारणं, "आपल्याकडे मोडक्या सायकलीला कंडम म्हणतात ना, तेच. एकदा कंडम म्हटलं की संपलं. पुढे त्या वस्तूकडे कुणी बघत नाही." आणि डिप्लोअर? त्याला मराठी शब्द त्यांना कधीच पसंत पडला नाही. मी म्हटलं निषेध. त्या म्हणाल्या, "निषेध म्हणजे पत्रक. त्यात पाणी नाही." मी म्हटलं धिक्कार. "धिक्काराला घोळका लागतो. हा शब्द एकट्यानं म्हणायचा आहे." मग म्हणाल्या, "या शब्दाच्या पोटात मुळात रडणं आहे. आधी विलाप, मग नापसंती. रडल्याशिवाय ज्याला नाव ठेवता येत नाही, त्याला हा शब्द वापरायचा."

माझ्याबरोबर पोस्टातले एक काका शिकायला येत. बढतीच्या परीक्षेला बसायचे होते. त्यांनी एकदा वाक्य केलं, 'आय डिप्लोअर माय मदर-इन-लॉ.' मी खुर्चीत वाकून हसत सुटले. बाई म्हणाल्या, "सासूबाईंनी काय केलं ते आधी लिहा. एकेक कृत्य, वेगळ्या ओळीवर." काकांनी दोन पानं भरून आणली. बाईंनी प्रत्येक ओळीपुढे विचारलं, "हे त्यांनी केलं, की त्या तशा आहेत?" तास संपेपर्यंत दोन पानांतून एकच ओळ उरली: आजारपणात मुलीला माहेरी ठेवून घेतली नाही. काकांनी ती ओळ एकदा मोठ्यानं वाचली. मग म्हणाले, "त्यांची पण जागा लहान होती हो." बाईंनी तीही ओळ खोडली.

हे सगळं मजेचं. पण रोज पावणेसात वाजले की खोलीतली हवा बदलायची.

बाई बोलता बोलता हात उताणा करत. वाक्य अर्धं असलं तर अर्धंच सोडत. चुलीपाशी, म्हणजे स्टोव्हपाशी, पेजेचा कप झाकून ठेवलेला असे. तो घेऊन पडद्याआड जात. मग आतून त्यांचा आवाज येई, वर्गात धडा वाचावा तसा सावकाश, स्पष्ट.

"आय डिप्लोअर व्हॉट यू डिड."

क्षणभर काही नाही. मग तो बारीक आवाज.

"मी कुठे बसूऽ?"

मग चमच्याचा कपावर होणारा आवाज. दहा मिनिटांनी बाई बाहेर येत, पदराला हात पुसत, आणि सोडलेलं वाक्य होतं तिथून पुढे चालू करत.

पहिल्या आठवड्यात मी काकांना जिन्यात गाठलं. "आत कोण आहे?"

"भाऊ त्यांचे. थोरले. अर्धांगाचा झटका येऊन चार वर्षं झाली. दुसरं काही बोलता येत नाही, एवढं एकच वाक्य उरलंय. डॉक्टर म्हणतात, असं होतं."

"पण आवाज तर मुलीचा आहे."

काका चपला शोधत राहिले. "अंधार व्हायच्या आत घरी जा तू," म्हणाले.

खालच्या मजल्यावर एक मालवणी काकू राहायच्या. माझे वडीलही तिकडचेच, म्हणून मला जाता-येता थांबवायच्या. एकदा माझा हात धरून म्हणाल्या, "बाय माझे, त्या घरात सांजचा कित्याक जातंस गो? तिथे चेडू बोलता."

"काकू, मुलगी नाही, ते भाऊ आहेत बाईंचे. आजारी आहेत."

"म्हातारो पडान आसा तां माका म्हायत आसा. मीच त्येका झटको इल्लो तेव्हा उचलूक गेलंय. पण आवाज चेडवाचो. माझी चार चेडवां मी वाढवलंय, माका कळता नाय?"

मी हसण्यावारी नेलं. पण त्या दिवसापासून पावणेसात वाजले की मी कान देऊन ऐकायचे. एक गोष्ट मी कुणाला बोलले नाही. चार वर्षं लोळागोळा होऊन पडलेला साठीचा माणूस तो प्रश्न विचारायचा, तेव्हा त्यात आजारपण नसायचं. पाय आपटत उभी असलेली कुणीतरी असायची. घाईत असलेली. आपल्याला कुठेतरी नेणार आहेत म्हणून खूश असलेली.

हिवाळ्यातली गोष्ट. त्या दिवशी काका आले नव्हते. बाई म्हणाल्या, "औषध संपलंय. नाक्यावर जाऊन येते. तू निबंध पुरा कर." त्या गेल्या आणि घर एकदम गप्प झालं. मी लिहीत होते. पडद्यामागून आवाज आला, "मी कुठे बसूऽ?"

मी लिहीतच राहिले. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तो रडवेला. लहान मुलाला बराच वेळ कुणी उत्तर दिलं नाही की होतो तसा.

मला राहवलं नाही. मी पडदा सरकवला.

लोखंडी कॉट, त्यावर पांढरी चादर, त्यावर मोठ्या हाडापेराचा एक माणूस. दाढी स्वच्छ केलेली, केस विंचरलेले, नखं कापलेली. खोलीला औषधाचासुद्धा वास नव्हता. इतकं नीट ठेवलेलं आजारी माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. तो माझ्याकडे बघत होता. ओठ एका बाजूनं हलले आणि त्या भल्यामोठ्या छातीतून तो बारीक आवाज निघाला, "मी कुठे बसूऽ?"

माझ्या तोंडून गेलं, "इथे बस."

त्याचे डोळे माझ्यावरून सरकून माझ्या शेजारी गेले. माझ्या कमरेच्या उंचीवर. तिथे काही नव्हतं. मग त्यानं चालता हात कॉटच्या दांड्याला घातला आणि स्वतःला भिंतीकडे ओढायला लागला. मेलेली बाजू फरफटत, घामाघूम होत, इंच इंच. भिंतीला टेकला तेव्हा अर्धी कॉट रिकामी झाली होती. त्या रिकाम्या जागेवर त्यानं हात ठेवला आणि दोनदा थोपटलं.

मागे बघितलं तर दारात बाई उभ्या होत्या, हातात औषधाची बाटली. त्या भावाकडे बघत नव्हत्या, कॉटवरच्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या.

"तू काय म्हणालीस त्याला?"

मी सांगितलं.

बाईंनी मला बाहेर आणलं. स्वतः खुर्चीवर बसल्या. मला वाटलं आता हाकलून देणार. पण त्यांनी सांगायला सुरुवात केली. बोलणं नेहमीसारखंच, प्रत्येक वाक्याला कर्ता, कर्म, क्रियापद.

"आम्ही तिघं. दादा, मी आणि छबू. वडील गेले होते, आई अंथरुणाला खिळलेली. मालाडला राहायचो. छबू चौदा वर्षांची होती, पण अक्कल चार वर्षांची. दिसायला गोड. सगळ्यांच्या मांडीवर जाऊन बसायची. मला बघायला चार स्थळं आली. चौघांनी छबूला पाहिलं आणि चौघांनी पुन्हा तोंड दाखवलं नाही. पाचवं स्थळ यायचं होतं. त्या दिवशी दादा तिला घेऊन फिरायला गेला. संध्याकाळी एकटा आला. म्हणाला, मार्व्याच्या वाळूत खेळत होती, भरतीच्या पाण्यानं ओढून नेली. पोलीस आले. कोळ्यांनी तीन दिवस मार्व्याचा किनारा शोधला."

आत खोकल्याचा आवाज झाला.

"आठ वर्षांनी आई गेली. तेराव्याला दादा मला म्हणाला, मार्व्याला नाहीच. मी तिला होडीनं पलीकडे मनोरीला नेली होती. दिवसभर फिरवली, पेरू दिले. संध्याकाळी शेवटच्या होडीत एकटा चढलो. ती धक्क्यावर उभी होती. तिला वाटलं आपण दोघं निघालो. तिनं विचारलं, दादा, मी कुठे बसू? आणि होडी सुटली."

बाहेर दिवे लागत होते.

"तेव्हापासून रोज मी त्याला ते वाक्य म्हणते. बावीस वर्षं झाली. पूर्वी तो नुसतं 'हो' म्हणायचा. झटका आल्यावर त्याची सगळी भाषा गेली. राहिलं ते तिचं वाक्य."

"आणि तुम्ही त्यांचं सगळं करता?"

"माणसाला डिप्लोअर करता येत नाही," बाई म्हणाल्या. "त्याला जेवायला घालावं लागतं."

मी बावीस वर्षांची होते, आणि त्या वयात माणसाला आपण फार शहाणे आहोत असं वाटतं. शिवाय एकेक कृत्य वेगळं काढून ते कुणी केलं ते विचारायचं, हे बाईंनीच मला शिकवलेलं. मी विचारलं, "त्या दिवशी छबूला बाहेर ने, असं दादांना सांगितलं कोणी?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी पुन्हा कुणाची पाहिली नाही. रागाची असती तर बरं झालं असतं.

"मी," त्या म्हणाल्या. "सकाळी वेणी घालता घालता. म्हटलं, दादा, आज हिला कुठेतरी लांब ने."

मग त्यांनी हात उताणा करून घड्याळ बघितलं. पावणेसात झाले होते. त्या उठल्या, पेजेचा कप घेतला, पडद्याआड गेल्या. मी ऐकत होते.

"आय डिप्लोअर," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. इतका वेळ थांबल्या की मला वाटलं वाक्य तिथेच संपलं. मग म्हणाल्या, "व्हॉट वुई डिड."

यू नाही. वुई. तू केलंस ते नाही, आपण केलं ते.

मी उत्तराची वाट बघत राहिले. बाईही बघत असाव्यात. आतून काही आलं नाही. चमचा वाजला नाही. बऱ्याच वेळानं बाई बाहेर आल्या. कप भरलेला तसाच.

"आज काही बोलला नाही," म्हणाल्या.

तो पुन्हा कधीच बोलला नाही. पुढचे तीन आठवडे मी रोज गेले. पावणेसातला बाई आत जायच्या, न बोलता भरवायच्या, बाहेर यायच्या. कॉटवर तो भिंतीला चिकटूनच पडलेला असे. बाई त्याला मध्ये ओढून ठेवत, दुसऱ्या दिवशी पाहावं तर पुन्हा भिंतीला. खालच्या काकूंनी एकदा मला जिन्यात अडवून हळूच विचारलं, "गेलां काय गो तां चेडू? आता ऐकाक येणा नाय." त्यांच्या आवाजात सुटकेपेक्षा काळजी जास्त होती.

चौथ्या आठवड्यात दादा गेले. झोपेतच. त्यांना न्यायला चारच माणसं होती. पोस्टातले काका त्यात एक.

तेराव्यानंतर बाईंनी मला निरोप धाडला. मी गेले तर त्या तयार होऊन बसल्या होत्या, पायात चपला, हातात पिशवी. "आज रविवार, तुला सुट्टी ना? मनोरीला चल माझ्याबरोबर."

दोन बस बदलून मालाड, तिथून मार्व्याची बस. तीस वर्षांत बाई मार्व्याच्या त्या रस्त्याला फिरकल्या नव्हत्या. धक्क्यावर लाँच लागली होती. अवघी दहा मिनिटांची खाडी. पलीकडची माडाची झाडं, त्याखालची माणसंसुद्धा इकडून दिसत होती. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की एवढंच अंतर आहे.

मी न राहवून विचारलं, "दादांनी सांगितलं तेव्हा का नाही आलात, बाई?"

त्या पाण्याकडे बघत होत्या. "येऊन काय कळलं असतं? मेली, किंवा जिवंत आहे. मला दोन्ही कळायला नको होतं. घरात बसून ते वाक्य म्हणायला सोपं होतं."

पलीकडे उतरल्यावर धक्क्याजवळ एक कोळीण सुकी मच्छी मांडून बसली होती. म्हातारी, पण नजर तरतरीत. बाईंनी तिला विचारायला घेतलं. इतक्या वर्षांची वर्गाची सवय, तरी वाक्य अर्ध्यावर सुटलं. मीच पुढचं बोलले: तीस वर्षांपूर्वी, चौदा वर्षांची पोर, धक्क्यावर एकटी राहिलेली.

म्हातारीनं हातातली काठी खाली ठेवली. आम्हा दोघींना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुमी तिचे कोन?"

बाई म्हणाल्या, "बहीण."

"तीस वर्सं लागली व्हय यायला?"

बाईंकडे दोन भाषा होत्या. उत्तर एकीतही नव्हतं.

म्हातारी उठली आणि पुढे चालू लागली. आम्ही मागे. वाळूतून गेलेली एक पायवाट, कौलारू घरं, एका दारावर छोटा लाकडी क्रूस. चालता चालता ती पाठमोरीच सांगत होती. माझ्या सासूनं घरात घेतली. पयली दोन-तीन वर्सं रोज सांजची धक्क्यावर जाऊन उबी ऱ्हायची. मंग एक दिवस गेली नाय. तवापासून पान्याकडं तोंड करून बसत नाय. होडीत तर पाऊलच टाकलं नाय. रोझी नाव ठेवलं आमी.

घराच्या मागच्या अंगणात चटईवर जवळा वाळत घातला होता, ती बारीक गुलाबी कोळंबी. एक बाई खाडीकडे पाठ करून बसली होती आणि त्यातला कचरा निवडत होती. चव्वेचाळिशीची, अंगानं भरलेली, कोळी पद्धतीचं लुगडं, केस पिकायला लागलेले. बोटं भराभर चालली होती. तिच्या मानेवरून आणि कानांच्या ठेवणीवरून मी सांगितलं असतं की ही बाईंची बहीण.

बाई तिच्यापासून पाच पावलांवर थांबल्या. हाक मारली, अगदी हळू. "छबू."

बोटं थांबली. मान वळली नाही.

"ती नाय हितं," पाठमोरी बाई म्हणाली. सपाट, साध्या आवाजात. कुणी दारावर येऊन चुकीचा पत्ता विचारावा आणि आपण सांगावं तसं. मग बोटं पुन्हा चालू झाली.

परतल्यावर नाहूरच्या जिन्याशी निरोप घेताना बाई म्हणाल्या, "डिप्लोअर शब्द तुला नीट आला आता. मला शिकवण्यासारखं काही उरलं नाही."

महिन्याभरात त्यांनी नाहूरची जागा सोडली आणि मनोरीला एका घराची पडवी भाड्यानं घेतली. गावातल्या पोरांना इंग्रजी शिकवायच्या. सकाळी मात्र त्या अंगणात जायच्या. जन्मात ज्यांनी मासळीला हात लावला नव्हता, त्या चटईच्या दुसऱ्या टोकाला बसून जवळा निवडायच्या. मी वर्षातून एखाद-दोनदा जायचे. दोघी बसलेल्या असत, एक खाडीकडे पाठ करून, एक खाडीकडे तोंड करून. बोलणं नाही. मी एकदा बाईंना विचारलं, "तिला कळलं का तुम्ही कोण ते?" त्या म्हणाल्या, "मी पुन्हा हाक मारली नाही. ती विचारत नाही." आणि बोटातला काटा दातानं काढत बसल्या.

सहा वर्षं असं चाललं. मग एका उन्हाळ्यात काविळीनं बाई गेल्या. मला तार मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. कोळीवाड्यातल्या माणसांनी बाईंना बाईंच्याच रीतीनं अग्नी दिला होता, आणि पोरांनी खडूचा डबा जपून ठेवला होता. मी अंगणात गेले. रोझी जागच्या जागी बसली होती. तिच्याशी मी त्याआधी कधी बोलले नव्हते. समोर बसले. म्हटलं, "त्या तुझ्या बहीण होत्या. तुला सांगायला हवं म्हणून सांगते."

"मना ठाव हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापास्नं. आवाज वलखला."

"मग बोलली का नाहीस तिच्याशी? सहा वर्षं रोज येत होती गं ती."

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. डोळे स्वच्छ होते. राग नव्हता, आणि माफीही नव्हती.

"बोलले असते तं मना घरी नेली असती," ती म्हणाली. "माझं घर हितं."

मग ती उठली, पडवीतून कागदाची एक मोठी पुडी आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. आत जवळा होता, एकही काडी, एकही खडा नसलेला.

"तिनं निवडलेला हाय," रोझी म्हणाली. "शेवटी शेवटी बरी निवडाया लागली व्हती."